वाचकांचे प्रश्न : हम्पबॅक देवमाशांचे समूह आणि त्यांच्यातील जनुकीय फरक

निरनिराळ्या समुद्रांत राहणाऱ्या हम्पबॅक देवमाशांच्या समूहांमध्ये जनुकीय फरक आढळतात, असे विधान आम्ही या सदरात केले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : समुद्राला भिंती नसतात आणि हम्पबॅक तर दरवर्षी हजारो किलोमीटर पोहतो. मग त्याचे वेगवेगळे समूह मुळात तयार होतातच कसे?

उत्तर : दूरवर पोहता येणे आणि प्रजननासाठी प्रत्यक्ष एकत्र येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या विषयातला बहुतेक गोंधळ त्या एकच मानल्यामुळे होतो. हम्पबॅक उन्हाळा ध्रुवांकडच्या थंड, अन्नाने समृद्ध पाण्यात घालवतो, तेथे अंगावर चरबी साठवतो आणि हिवाळ्यात उष्ण कटिबंधातील विणीच्या क्षेत्रांकडे जातो. पिल्लू जवळजवळ वर्षभर आईबरोबर असते. या काळात आई त्याला ज्या अन्नक्षेत्रात घेऊन जाते, तेच पुढे बहुधा त्याचे आयुष्यभराचे अन्नक्षेत्र ठरते, आणि ते पिल्लू मादी असेल तर तिची पिल्लेही तोच मार्ग शिकतात. अशा रीतीने एकेका अन्नक्षेत्रात विशिष्ट मातृरेषा टिकून राहतात, कारण मार्ग आईकडून मुलीकडे जातो.

उत्तर अटलांटिकमध्ये हे फार स्पष्टपणे दिसते. मेनचे आखात, न्यूफाउंडलंड, ग्रीनलंड, आइसलँड आणि नॉर्वे येथे उन्हाळा काढणारे हम्पबॅक आपापल्या अन्नक्षेत्राशी एकनिष्ठ असतात, परंतु त्यांच्यापैकी बरेचसे हिवाळ्यात वेस्ट इंडीजच्या पाण्यात एकत्र येतात आणि तेथे आपसांत प्रजनन करतात. परिणामी आईकडून येणाऱ्या डीएनएमध्ये या अन्नक्षेत्रांत फरक दिसतो, पण दोन्ही पालकांकडून येणाऱ्या डीएनएमध्ये तो फारच थोडा उरतो.

दुसरी भिंत कालगणनेची आहे, आणि मला ती पहिलीपेक्षाही अधिक विलक्षण वाटते. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ अन्न घेणारे काही हम्पबॅक सुमारे ८,३०० किलोमीटरचे अंतर कापून विषुववृत्ताच्या उत्तरेला कोस्टा रिकाच्या किनाऱ्यापर्यंत येतात. त्याच पाण्यात उत्तर पॅसिफिकमधील हम्पबॅकही विणीसाठी येतात. दोघांचे ठिकाण एक असले, तरी दक्षिणेकडचे तेथे जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास असतात आणि उत्तरेकडचे डिसेंबरनंतर, कारण दोन गोलार्धांतील हिवाळे सहा महिन्यांच्या अंतराने येतात. त्यामुळे अंतर शून्य असूनही त्यांची भेट क्वचितच होऊ शकते.

प्रश्न : हे फरक नेमके कशात मोजले जातात? आणि चाळीस फूट लांबीच्या प्राण्याचा नमुना घेतात तरी कसा?

उत्तर : नमुना मिळवणे वाटते तितके अवघड नाही. टोकाशी पोकळ नळी असलेला हलका बाण क्रॉसबोने, म्हणजे चाप ओढून सोडायच्या धनुष्याने, सोडला जातो. तो कातडीचा आणि त्याखालच्या चरबीचा छोटासा तुकडा घेऊन उसळून पाण्यावर तरंगतो आणि संशोधक तो उचलून घेतात. देवमाशाने पाण्याबाहेर उडी मारल्यावर गळून पडणारे कातडीचे पापुद्रेसुद्धा उपयोगी पडतात. बाण मारल्यावर बहुतेक देवमासे शेपूट आपटणे किंवा डुबकी मारणे यापलीकडे काही करत नाहीत, असे अनेक ठिकाणी नोंदवले गेले आहे.

तपासणी मुख्यतः दोन प्रकारच्या डीएनएची होते. पहिला मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागातील डीएनए. हम्पबॅकमध्ये त्याची लांबी सुमारे १६,४०० अक्षरांची असते आणि तो फक्त आईकडून येतो. त्याच्या एका झपाट्याने बदलणाऱ्या भागाची तुलना करून मातृरेषा ओळखल्या जातात. दुसरा पेशीकेंद्रातील डीएनए. तो दोन्ही पालकांकडून येतो आणि त्यावरून नरांच्या ये-जा करण्याचाही माग लागतो. २००४ ते २००६ या काळात उत्तर पॅसिफिकमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत दहा अन्नक्षेत्रे आणि आठ विणीची क्षेत्रे यांतून दोन हजारांहून अधिक नमुने गोळा झाले आणि त्यांत एकूण २८ मातृरेषा आढळल्या. त्यांतील काही रेषा अनेक ठिकाणी आढळतात, पण प्रत्येक ठिकाणचे त्यांचे प्रमाण वेगळे असते. जनुकीय फरक म्हणजे प्रत्येक समूहाचे स्वतःचे, इतरत्र कोठेच न सापडणारे जनुक, अशी अनेक वाचकांची समजूत पत्रांतून दिसते. प्रत्यक्षात फरक बहुधा प्रमाणांचा असतो. एका देवमाशाकडे पाहून तो निश्चितपणे सांगता येत नाही, शंभर देवमाशांकडे पाहून सांगता येतो.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. या तपासण्यांत वापरले जाणारे डीएनएचे भाग बहुधा असे निवडलेले असतात, की त्यांच्यातील बदलांनी प्राण्याच्या जगण्यावर फारसा परिणाम होत नाही. मिसळलेल्या बियाण्याच्या पोत्यातून एक मूठ काढली, तर त्या मुठीतले दाण्यांचे प्रमाण पोत्यातल्यासारखे नसते. लहान समूहांत पिढ्यान्पिढ्या असेच निव्वळ योगायोगाने घडत जाते आणि प्रमाणे बदलत राहतात. म्हणून दोन समूहांत असा फरक सापडला, तर त्यांच्यात बराच काळ पुरेशी मिसळण झालेली नाही एवढेच सिद्ध होते. एक समूह थंड पाण्यासाठी घडला आणि दुसरा उष्ण पाण्यासाठी, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

प्रश्न : एक हम्पबॅक कोलंबियाहून झांझिबारला गेल्याचे वाचले. मग समूह अलिप्त असतात हा सिद्धांतच कोसळत नाही का?

उत्तर : बातमी खरी आहे. हा नर कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३ आणि २०१७ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये झांझिबारजवळ दिसला, आणि शेपटीच्या खालच्या बाजूवरील खुणांच्या छायाचित्रांवरून त्याची ओळख पटली. या दोन ठिकाणांमधील किमान अंतर १३,०४६ किलोमीटर आहे. त्यापूर्वी एक मादी १९९९ मध्ये ब्राझीलजवळ आणि २००१ मध्ये मादागास्करजवळ दिसली होती. तिने किमान ९,८०० किलोमीटरचे अंतर कापले होते.

मात्र जनुकांच्या हिशेबात प्रवासाला स्वतःचे मोल नाही. नव्या ठिकाणी त्या प्राण्याची संतती झाली आणि ती तेथे टिकली, तरच जनुके एका समूहातून दुसऱ्यात गेली असे म्हणता येते. गणित असे सांगते, की एका पिढीत अगदी मोजके पाहुणे जरी यशस्वीपणे प्रजनन करत असतील, तरी दोन समूहांतील फरक फार वाढू शकत नाही, मग ते समूह कितीही मोठे असोत. दक्षिण गोलार्धातील हम्पबॅक समूहांमध्ये फरक आहेत, पण ते माफक आहेत आणि अनेक मातृरेषा सामाईक आहेत. तेव्हा असे भटके प्राणी तेथे अधूनमधून आढळणे हे जनुकांनी आधीच सांगितलेल्या गोष्टीशी जुळणारेच आहे. या घटनांमुळे सिद्धांत कोसळत नाही. उलट ज्या ठिकाणी फरक मोठा आढळतो, तेथे मिसळण खरोखरच दीर्घकाळ थांबलेली असली पाहिजे, हे अनुमान त्यामुळे अधिक बळकट होते. अशा ठिकाणाविषयीच पुढचा प्रश्न आहे.

प्रश्न : अरबी समुद्रातील हम्पबॅक हे जगातील सर्वांत अलिप्त देवमासे आहेत, हे कितपत खरे? ते इतरांसारखे स्थलांतर का करत नाहीत?

उत्तर : उपलब्ध पुरावा या विधानाच्या बाजूने आहे, आणि तो तीन-चार वेगवेगळ्या दिशांनी आलेला असल्यामुळे मला तो विशेष विश्वासार्ह वाटतो.

सर्वांत जुना पुरावा एका कत्तलीतून मिळाला. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत बोटींनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या समोरील समुद्रात बेकायदा शिकार करून दोनशेहून अधिक हम्पबॅक मारले. ही माहिती अनेक वर्षे दडवून ठेवलेली होती आणि ती १९९७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांच्या वाढीवरून दिसून आले, की या देवमाशांचे विणीचे चक्र उत्तर गोलार्धाचे आहे. म्हणजे ते दक्षिण हिंदी महासागरातून पाहुणे म्हणून आलेले प्राणी नव्हते. त्यांच्या जठरांत भरपूर अन्नही सापडले. उष्ण कटिबंधातील विणीच्या क्षेत्रात हम्पबॅक सहसा उपाशीच राहतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे महत्त्व कळते.

हे अन्न तेथे असण्याचे कारण नैर्ऋत्य मोसमी वारे हे आहे. उन्हाळ्यात हे वारे ओमानच्या किनाऱ्यालगत वाहताना पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलचे थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव आणि तारलीसारखे लहान मासे पोसले जातात. ध्रुवाकडे जाऊन जे मिळवायचे ते येथे जवळच मिळते. शिवाय अरबी समुद्राच्या उत्तरेला आशिया खंडाची भूमी आहे, त्यामुळे उत्तरेकडील थंड समुद्राकडे जाणारा मार्गच अस्तित्वात नाही.

जनुकीय पुरावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ओमानच्या किनाऱ्यावरील ६७ देवमाशांच्या नमुन्यांची दक्षिण गोलार्ध आणि उत्तर पॅसिफिकमधील नमुन्यांशी तुलना करण्यात आली. मायटोकाँड्रियातील आणि पेशीकेंद्रातील अशा दोन्ही डीएनएमध्ये हा समूह स्पष्टपणे वेगळा निघाला. दक्षिण हिंदी महासागरातील नातलगांपासून तो सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी अलग झाला असावा, असा अंदाज संशोधकांनी मांडला. अशा आकड्यात बदलांच्या वेगाविषयीची गृहीतके मिसळलेली असतात, म्हणून तो काटेकोर तारीख समजू नये. पण हे अलगपण माणसाने देवमाशांची शिकार सुरू करण्याच्या फार फार पूर्वीचे आहे, एवढे त्यातून निर्विवादपणे दिसते. या समूहातील मातृरेषांची विविधता इतर समूहांच्या तुलनेत अगदी कमी आढळली.

छायाचित्रांचा पुरावाही याच्याशी जुळतो. ओमानमध्ये टिपलेल्या शेपटांची मादागास्कर, झांझिबार आणि दक्षिण आफ्रिकेकडील संग्रहांशी तुलना केली गेली, तेव्हा एकही जुळणी सापडली नाही. ओमानच्या समुद्रातील नरांचे विणीच्या हंगामातले गाणेही दक्षिण-पश्चिम हिंदी महासागरातील नरांच्या गाण्याहून वेगळे आढळले आहे. अलीकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-यंत्र लावलेली एक मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत ओमानकडे गेली. म्हणजे हे देवमासे एका जागी बसून नाहीत. ते खूप फिरतात, पण विषुववृत्ताच्या उत्तरेला, याच समुद्रात फिरतात.

ओमानमधील छायाचित्रांवरून या समूहाची संख्या ८२, म्हणजे ६० ते १११ च्या दरम्यान, अशी अंदाजण्यात आली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची स्वतंत्र नोंद २००८ पासून 'संकटग्रस्त' म्हणून आहे.

प्रश्न : एवढा फरक असेल, तर त्यांना वेगळी जात का म्हणत नाहीत? आणि जगभरातील हम्पबॅकची संख्या वाढत असताना असे तुकडे पाडून मोजायची गरज काय?

उत्तर : २०१४ मध्येच झालेल्या दुसऱ्या एका जागतिक अभ्यासात उत्तर अटलांटिक, उत्तर पॅसिफिक आणि दक्षिण गोलार्ध येथील हम्पबॅक तीन उपजाती मानावेत, असे सुचवण्यात आले. या तिघांत जनुकांची देवाणघेवाण फारच कमी आहे. रंगातही फरक आहे, दक्षिणेकडील हम्पबॅकच्या अंगावर पांढरा रंग अधिक असतो. पण उपजात आणि जात यांतील रेषा ओढायला केवळ डीएनए पुरत नाही. ऑर्कांचे, म्हणजे 'किलर व्हेल' या दातांच्या देवमाशांचे, उदाहरण यासाठी बोलके आहे. उत्तर पॅसिफिकच्या पूर्व किनाऱ्यालगत सामन मासे खाणारे ऑर्का आणि सील व इतर सस्तन प्राणी खाणारे ऑर्का एकाच पाण्यात वावरतात, तरी आपसांत प्रजनन करत नाहीत. त्यांच्या आवाजांत, कवटीत, कळपाच्या रचनेत आणि जनुकांत असे सर्व बाजूंनी फरक दिसल्यावर २०२४ मध्ये त्यांना दोन स्वतंत्र जाती मानण्याचा प्रस्ताव आला. तरीही सागरी सस्तन प्राण्यांच्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गीकरण समितीने त्यांना तूर्त उपजातीचाच दर्जा दिला. सावधपणाची ही पद्धत मला योग्य वाटते.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि त्यावर माझे मत ठाम आहे. जगात आज सुमारे ८४,००० प्रौढ हम्पबॅक आहेत, असा लाल यादीतील अंदाज आहे, आणि जात म्हणून हम्पबॅक आज चिंतेच्या बाहेर आहे. हे फार मोठे यश आहे. नैर्ऋत्य अटलांटिकमधील समूह सुमारे २७,००० वरून १९५० च्या दशकात अवघ्या ४५० च्या आसपास येऊन ठेपला होता, आणि आता तो पुन्हा २५,००० च्या घरात आहे. परंतु ब्राझीलसमोर जन्मलेले हे हजारो देवमासे अरबी समुद्रातल्या ऐंशी-शंभरांची जागा घेऊ शकत नाहीत. तेथील समूह संपला, तर शेजारच्या समूहातून कोणी येऊन ती जागा भरून काढील, अशी आशा बाळगायला सत्तर हजार वर्षांचा इतिहास आधार देत नाही. एकूण बेरीज वाढत असताना तिच्यातला एखादा आकडा शून्यावर येऊ शकतो, आणि बेरजेत तो दिसतसुद्धा नाही. अमेरिकेच्या सागरी मत्स्य विभागाने २०१६ मध्ये हम्पबॅकचे चौदा समूह कायद्याने वेगळे मानले. त्यांतील नऊ समूह संरक्षित यादीतून वगळले, एकाला 'असुरक्षित' ठरवले, आणि अरबी समुद्र, केप व्हर्डे व वायव्य आफ्रिका, पश्चिम उत्तर पॅसिफिक आणि मध्य अमेरिका या चार समूहांना 'संकटग्रस्त' म्हणून ठेवले. असे वेगवेगळे मोजल्यामुळेच सावरलेल्या नऊ समूहांचे यशही प्रामाणिकपणे मान्य करता आले.

सावरलेल्या समूहांच्या बाबतीतही एक नुकसान आकड्यांत दिसत नाही. हम्पबॅक दीर्घायुषी आहे आणि त्याची एक पिढी वीस वर्षांहून थोडी मोठी असते. संख्या अत्यंत कमी असण्याचा काळ मोजक्याच पिढ्यांचा होता, म्हणून बरीचशी विविधता टिकली. तरी दक्षिण जॉर्जिया बेटावरील जुन्या शिकारी तळांवर पडलेल्या हाडांतून डीएनए काढला, तेव्हा त्यांतील काही मातृरेषा आजच्या देवमाशांत आढळल्या नाहीत. आईकडून मुलीकडे गेलेले काही मार्ग त्या काळात त्यांच्याबरोबर नाहीसे झाले असणे शक्य आहे.

प्रश्न : अरबी समुद्रातील समूहात विविधता कमी आहे, तर दुसरीकडून काही देवमासे आणून सोडता येणार नाहीत का? जमिनीवरील प्राण्यांत असे केल्याचे ऐकले आहे.

उत्तर : ऐकलेले बरोबर आहे. फ्लोरिडातील पँथरांचा लहान समूह जवळच्या नात्यांतील प्रजननामुळे दुबळा झाला होता. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्यावर त्याची प्रकृती सुधारली. समुद्रातही अशा प्रजननाची किंमत मोजावी लागते. सामन खाणाऱ्या ऑर्कांच्या दक्षिणेकडील समूहात जेमतेम पंचाहत्तर प्राणी आहेत. या समूहातील, मृत प्राणी धरून, शंभर प्राण्यांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे आईवडील एकमेकांचे जवळचे नातलग होते, त्यांचे आयुष्य कमी भरते, असे त्यात दिसून आले.

पण हम्पबॅकच्या बाबतीत हा उपाय लागू होत नाही. पंचवीस-तीस टनांचा प्राणी हलवणे अशक्यप्राय आहे, ही अडचण तर आहेच, परंतु खरी अडचण जीवशास्त्राची आहे. सर्वांत जवळचे नातलग दक्षिण हिंदी महासागरात आहेत आणि त्यांचा विणीचा हंगाम अरबी समुद्रातील हंगामापेक्षा सहा महिन्यांनी पुढेमागे येतो. एखादी मादी आणून सोडली, तरी ती माजावर येईल तेव्हा तेथील नर गात नसतील. शिवाय तिच्या पिल्लाला येथील मोसमी वाऱ्यांवर चालणारे अन्नाचे वेळापत्रक शिकवणारी आई मिळणार नाही.

त्याशिवाय, कमी विविधता म्हणजे समूह संपलाच, असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या आखातातील वाकीटा या छोट्या शिशुकाचे मोजकेच प्राणी उरले आहेत. त्यांच्या जनुकसंचाच्या २०२२ मधील अभ्यासानुसार हा प्राणी हजारो वर्षे कमी संख्येतच जगत आला आहे. गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या मासेमारीच्या जाळ्यांत, अडकून होणारे मृत्यू पूर्णपणे थांबले, तर जनुकांच्या कारणाने त्याचा नाश अटळ ठरत नाही. अरबी समुद्रातील हम्पबॅकही फार काळ लहान समूह म्हणूनच जगत आले आहेत. ओमानमध्ये छायाचित्रे घेतलेल्या अनेक देवमाशांच्या शेपटीच्या मुळाशी जाळ्यांच्या दोरांचे व्रण आहेत, आणि त्यांच्या वावराच्या पट्ट्यातून मोठ्या जहाजांचे मार्ग जातात. जाळी कोणत्या महिन्यांत कोठे टाकली जातात आणि जहाजे कोणत्या वेगाने जातात, हे दोन्ही माणसाला बदलता येते.